शंका-समाधान : पिस्तुलाच्या खिडकीत अडकणारी पुंगळी

अर्धस्वयंचलित पिस्तुलातून गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, नीट बाहेर पडत नाही, ही तक्रार सीमाभागातील अनेक वाचकांनी या सदराकडे पाठवली आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली असून पत्रलेखक बहुतेक परवानाधारक असल्यामुळे त्यांची नावे छापलेली नाहीत. प्रश्न एकसारखे वाटले, तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातील शेतकरी आहे. माझ्याकडे वडिलांकडून आलेले, रीतसर परवाना असलेले .32 बोअरचे पिस्तूल आहे. मे 2024 मधील लोकसभा निवडणुकीच्या वेळी ते नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केले होते. परत आणल्यावर खोबरेल तेल लावून चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवले. अलीकडे रेंजवर नेऊन चालवले, तेव्हा दोन-तीन गोळ्यांनंतर रिकामी पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे नळीवरून मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, खिडकीत उभी राहून अडकू लागली. ओळखीचे एक मिस्त्री पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर झिजला आहे, तो बदलून देतो, असे म्हणतात. तसे करावे काय?

उत्तर : इजेक्टर बदलण्याची घाई करू नये. पुंगळी बाहेर पडली नाही की सगळ्यांचे बोट आधी इजेक्टरकडे जाते, परंतु तो बहुतेक पिस्तुलांत सांगाड्याला बसवलेला साधा, न हलणारा पोलादी तुकडा असतो आणि पिस्तुलातील सर्वांत कमी झिजणाऱ्या भागांत त्याची गणना करावी लागेल. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून दोष इतरत्र आहे, असे माझे मत आहे.

पुढचे वाचण्यापूर्वी एक क्रम कायमचा पाळावा, अशी विनंती आहे. पिस्तूल हातात घेताच नळीचे तोंड निर्धोक दिशेला वळवावे, बोट चापाबाहेर ठेवावे, प्रथम मॅगझिन काढावे आणि त्यानंतरच स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीत, डोळ्यांनी पाहावे व करंगळीने चाचपावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर ओढताना बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि मॅगझिन हातात असल्यामुळे पिस्तूल रिकामे आहे, असा समज होतो. घरात पिस्तूल पुसताना होणारे अपघात असेच घडतात. साफसफाई करताना काडतुसे त्या खोलीतसुद्धा नसावीत.

आता यंत्र कसे चालते, ते पाहू. .32 बोअरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी स्थिर असते आणि स्लाइडला मागून रोखणारी कुलपासारखी कोणतीही योजना नसते. दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच दाबाने पुंगळीचे बूड स्लाइडला मागे रेटते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांमुळे ती लगेच मागे जात नाही आणि तेवढ्या क्षणात गोळी नळीबाहेर निघून जाते. मागे जाणाऱ्या स्लाइडवर बसवलेला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे आकडा, पुंगळीची कड उजव्या बाजूने धरून ठेवतो. स्लाइड पुरेशी मागे गेली की डाव्या बाजूचा इजेक्टर पुंगळीच्या बुडावर आदळतो आणि बिजागरीवर दार फिरावे तशी पुंगळी आकड्याभोवती फिरून उजवीकडच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. यातून लक्षात येईल की पुंगळी फेकली जाण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. आकड्याची पकड टिकली पाहिजे, इजेक्टर जागेवर असला पाहिजे आणि त्यावर आदळताना स्लाइडला पुरेसा वेग असला पाहिजे.

पुंगळी खिडकीत उभी अडकते, याचा अर्थ ती चेंबरमधून निघाली आहे, फिरलीही आहे, पण बाहेर पडण्यापूर्वीच स्लाइड परत पुढे आली आहे. बहुतेक वेळा हा दोष तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे वेगाचा असतो. स्लाइड अर्धवट मागे जाते किंवा मंद गतीने जाते. ती मंद का झाली, हे शोधणे हेच आपले काम आहे.

आपल्या पत्रातच त्याचे पहिले कारण दिसते. खोबरेल तेल आपल्याकडे प्रत्येक घरात असते आणि लोखंड पुसायला हाताशी येते, हे खरे. पण ते थंडीत गोठते, हवेने चिकट होते आणि स्लाइडच्या खाचांत राळेसारखा थर धरते. खानापूर भागातील तांबडी माती त्यात मिसळली की घासणारे लुकण तयार होते. ठाण्यात जमा असलेल्या शस्त्रांतले जुने तेलही अनेक आठवडे न हाताळल्यामुळे असेच घट्ट होते. म्हणून पिस्तूल त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे जेवढे सुटे करता येते तेवढेच सुटे करून स्लाइडच्या खाचा, सांगाड्याच्या कडा आणि रिकॉइल स्प्रिंगची जागा पांढऱ्या रॉकेलने किंवा शस्त्रांसाठी मिळणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करावी. हे काम मोकळ्या हवेत, चुलीपासून व दिव्यापासून दूर करावे. मग कोरड्या सुती कापडाने पूर्ण पुसून स्लाइडच्या प्रत्येक खाचेत शस्त्राच्या तेलाचा एकच थेंब सोडून तो बोटाने पसरावा. ते न मिळाल्यास शिलाई यंत्राचे पातळ तेल तात्पुरते चालते. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, ही समजूत चुकीची आहे. जादा तेल धूळ ओढून घेते आणि मॅगझिनमध्ये उतरून काडतुसाच्या टोपीत शिरले, तर दारू पेटवणारा मसालाच निकामी करते.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल महिनोन्महिने ठेवणे आजपासून थांबवावे. कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात आणि ते ओल धरून ठेवते. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना भिंतीच्या कपाटातही किती ओल येते हे सांगावे लागत नाही. बाहेरून चकाकणाऱ्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गंज धरलेला असू शकतो आणि आपल्या तक्रारीचे दुसरे संभाव्य कारण तेच आहे. गोळी सुटताना पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि दाब उतरताच किंचित आक्रसून सैल होते. भिंतीवर गंजाचे खड्डे असतील, तर फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत शिरते आणि निघताना अडते, त्यामुळे स्लाइडचा बराचसा जोर पुंगळी सोडवण्यातच खर्च होतो. याची परीक्षा सोपी आहे. रेंजवर झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून उजेडात फिरवून पाहाव्यात. अंगावर उभे ओरखडे किंवा पुरळासारखे उंचवटे दिसले, तर चेंबर खडबडीत आहे. नुसती काजळी असेल, तर पितळी तारेच्या चेंबर-ब्रशने ती निघते. खड्डे असतील, तर मात्र ते घरी पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळावा, कारण चेंबरचे माप एकदा वाढले की ते परत कमी करता येत नाही.

तिसरी शंका काडतुसांविषयी घ्यावी लागते. वडिलांच्या काळातील काडतुसे अजून वापरत असाल, तर ती दमट हवेत राहून अशक्त झालेली असू शकतात. दारूचा जोर कमी पडला की स्लाइड कमी मागे जाते आणि पुंगळी नेमकी उभी अडकते. वेष्टनावरील उत्पादनवर्ष पाहून अलीकडची काडतुसे आणावीत आणि त्याच पिस्तुलात, त्याच हाताने चालवून फरक पाहावा. एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्काच जाणवला नाही, तर तेथेच थांबावे, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी पुंगळी अडकून पिस्तूल बंद पडले, तर ते आपले नशीब समजावे आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचे काडतूस भरू नये. चाप ओढूनही बार उडालाच नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान 30 सेकंद थांबावे आणि मगच स्लाइड उघडावी.

चौथे कारण पिस्तूल धरणाऱ्या हाताचे आहे, त्याबद्दल राग मानू नये. स्लाइडला मागे जायचे, तर सांगाडा जागेवर घट्ट धरलेला हवा. मनगट सैल असेल, तर स्लाइडबरोबर सांगाडाही मागे झुकतो आणि दोघांमधील अंतर पुरेसे वाढत नाही. दोन-तीन गोळ्यांनंतर त्रास सुरू होतो, असे आपण लिहिले आहे आणि हात थकल्याचेही ते लक्षण असू शकते. दोन्ही हातांनी धरून, कोपरे जवळजवळ सरळ ठेवून पाहावे किंवा रेंजवरील अनुभवी प्रशिक्षकाला तीच काडतुसे झाडायला सांगावीत. त्यांच्या हातात तक्रार नाहीशी झाली, तर पिस्तुलाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. साफसफाई, नवी काडतुसे, दुसरे मॅगझिन आणि नवी स्प्रिंग हे सारे एकाच दिवशी केले आणि दोष गेला, तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारातच चाचपडावे लागते. एका वहीत प्रत्येक बिघाडापुढे मॅगझिनमधील कितवी गोळी होती, पुंगळी कोठे अडकली आणि इतर पुंगळ्या किती दूर पडल्या, एवढे लिहीत जावे. भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्या एक-दोन गोळ्यांनाच त्रास होत असेल, तर दाबून बसलेली वरची काडतुसे स्लाइडच्या खालच्या बाजूला घासून तिला मंद करत आहेत, असा संशय घ्यावा. फक्त शेवटच्या गोळीला त्रास होत असेल, तर कारण वेगळे आहे आणि ते पुढील एका पत्राच्या उत्तरात सांगितले आहे.

प्रश्न : मी चिकोडी येथे राहतो. माझ्या मित्राकडे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे आणि माझ्याकडे .32 चे पिस्तूल. त्याच्याकडील काडतुसे मी वापरली तर चालतील काय? माझ्या पिस्तुलात काडतुसे एकमेकांत अडकतात, म्हणून विचारतो.

उत्तर : मुळीच चालणार नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या त्या काडतुसाची पुंगळी सुमारे 23 मिलिमीटर लांब व रुंद काठाची असते, तर पिस्तुलाची सुमारे 17 मिलिमीटर असते. बोअरचा अंक सारखा असला, तरी ही दोन वेगळी काडतुसे आहेत आणि काडतुसांची देवघेव मित्रांमध्ये करणे कायद्यातही बसत नाही. दुकानातून घेतानाही 'पिस्तुलाची' असे स्पष्ट सांगून पेटीवर वाचून घ्यावे.

काडतुसे एकमेकांत अडकण्याचे कारण त्यांच्या काठात आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या या काडतुसाचा काठ पुंगळीच्या अंगापेक्षा थोडासा बाहेर असतो. अंगाचा व्यास साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, तर काठाचा नऊहून किंचित जास्त असतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्या काडतुसाच्या काठामागे गेला, तर दोन्ही एकमेकांना कुलूप लावल्यासारखी बसतात आणि स्लाइडला ती हलवता येत नाहीत. म्हणून भरताना प्रत्येक काडतुसाचा काठ खालच्याच्या पुढे राहील अशा रीतीने ते सरकवावे आणि भरलेले मॅगझिन आपटू किंवा हलवू नये. हा भरणीचा दोष आहे, पुंगळी बाहेर फेकण्याचा नाही. मात्र दोन्हींत स्लाइड अर्ध्यावर थांबलेली दिसते, त्यामुळे पाहणाऱ्याची गल्लत होते.

प्रश्न : सर, मी बेळगावातील महाविद्यालयीन विद्यार्थिनी असून 25 मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. क्लबच्या .22 पिस्तुलात पाच गोळ्यांच्या मालिकेतील पाचव्या गोळीची पुंगळी वारंवार आत राहते. हिवाळ्यात सकाळी पहिल्या मालिकेतही असे होते. आम्ही घरी रिकाम्या पिस्तुलावर चापाचा सराव खूप करतो. त्याचा काही संबंध असेल काय? स्पर्धेत असे झाले, तर काय करावे?

उत्तर : तुम्ही 'पाचव्या गोळीची' असे नेमके लिहिलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. मॅगझिनमध्ये पुढचे काडतूस असते तेव्हा ते स्प्रिंगच्या जोराने वर येऊन मागे निघालेल्या पुंगळीला खालून आधार देते आणि आकड्याची पकड थोडी ढिली असली, तरी पुंगळी खाली घसरत नाही. पाचव्या गोळीनंतर खाली काहीच नसते. तेव्हा पुंगळी सर्वस्वी आकड्याच्या भरवशावर असते आणि तो ढिला असेल, तर ती घसरून मॅगझिनच्या तोंडाशी पडते किंवा तिरपी होऊन अडकते. म्हणून फक्त शेवटच्या पुंगळीची तक्रार असेल, तेव्हा प्रथम आकडा, त्याची छोटी स्प्रिंग आणि आकड्याखालची घाण तपासावी. .22 काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. त्याचा आणि काजळीचा थर आकड्याच्या नखाखाली बसला की नख काठावर पुरते उतरत नाही. बांबूची टोकदार काडी द्रावणात बुडवून तो थर काढावा. तेथे सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये. स्वच्छ केल्यावरही दोष राहिला, तर आकड्याची स्प्रिंग क्लबच्या परवानाधारक शस्त्रकारागिराकडून बदलून घ्यावी. तिची किंमत पिस्तुलाच्या मानाने क्षुल्लक असते.

चापाच्या सरावाविषयीची तुमची शंका फार महत्त्वाची आहे आणि ती प्रत्येक नवशिक्या नेमबाजाने वाचावी, असे मला वाटते. .22 काडतुसात पेटवणारा मसाला काठात असतो, म्हणून या पिस्तुलाची फायरिंग पिन मध्यभागी न आदळता कडेला आदळते. चेंबर रिकामे असताना पिन सोडली, तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या पोलादी कडेवर बसते. असे वारंवार झाले की तेथे खाच पडते आणि बाजूचे पोलाद आतल्या बाजूला बारीक उंचवट्यासारखे सरकते. त्या उंचवट्याला पुंगळी अडते आणि आकडा ओढत असूनही ती निघत नाही. प्रत्येक झाडलेल्या पुंगळीवर काठाजवळ एकाच ठिकाणी चरा दिसत असेल, तर हेच कारण समजावे. शस्त्रकारागीर खास हत्याराने तो उंचवटा मागे दाबून देतो. कानस लावायची नसते. स्पर्धेच्या पिस्तुलांत चापाच्या सरावासाठी पिन न सोडणारी वेगळी सोय बहुधा असते, तीच वापरावी आणि ती नसल्यास चेंबरमध्ये प्लॅस्टिकची सरावगुटी बसवावी.

हिवाळ्यातील पहिल्या मालिकेचा त्रास वेगळा आहे. स्पर्धेच्या पिस्तुलांची स्लाइड हलकी आणि स्प्रिंगा मऊ असतात, कारण काडतुसेही मंद वेगाची वापरली जातात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच गार असते आणि घट्ट तेलाचा एवढासा थरही अशा स्लाइडला जड होतो. पातळ तेल अगदी कमी वापरावे आणि सराव सुरू करण्यापूर्वी रिकामी स्लाइड काही वेळा मागे-पुढे करून घ्यावी. काडतुसांची जात बदलली असेल, तर तेही प्रशिक्षकांना सांगावे. एका पिस्तुलाला मानवणारे काडतूस दुसऱ्याला मानवत नाही, असे या प्रकारात नेहमी दिसते.

स्पर्धेत पुंगळी अडकली, तर स्वतः स्लाइड ओढण्याची सवय मोडावी लागेल. जलद टप्प्यात लक्ष्य 3 सेकंदच समोर असते, त्यामुळे हात आपोआप स्लाइडकडे जातो. पण बिघाडाची नोंद मागायची असेल, तर पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने तसेच धरून, पकड न सोडता, मोकळा हात वर करून रेंज अधिकाऱ्याला कळवायचे असते. पुंगळी बाहेर न पडणे हा नियमांत ग्राह्य बिघाड आहे. परंतु तुम्ही आधीच पिस्तूल उघडले, तर तपासायला काही राहत नाही. सेफ्टी लावलेली राहिली किंवा काडतुसेच भरली नव्हती, असे निघाले, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही.

प्रश्न : मी हुक्केरी तालुक्यातील निवृत्त सुभेदार आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत असताना 9 मिमी पिस्तूल वर्षानुवर्षे चालवले, पण आताच्या खाजगी .32 पिस्तुलाची पुंगळी कधी उजवीकडे, तर कधी सरळ मागे येऊन कपाळावर लागते. इजेक्टरचे टोक थोडे घासून तिरपे करावे, असा विचार आहे. स्प्रिंगही ढिली वाटते, ती ताणून लांब करावी काय?

उत्तर : सुभेदार साहेब, आपल्या अनुभवाचा मान राखूनही आपणास कानस खाली ठेवण्याची विनंती करतो. सेनेतील 9 मिमी पिस्तूल ब्राउनिंगच्या रचनेवर बनलेले आहे. त्यात नळी आणि स्लाइड प्रथम एकत्र मागे जातात, मग नळीचे कुलूप सुटते आणि त्यापुढे पुंगळी ओढण्याचे काम आकड्यावर येते. आपल्या .32 पिस्तुलात पुंगळी वायूच्या उरलेल्या दाबानेच मागे ढकलली जाते. त्यामुळे आकडा जवळजवळ निकामी झाला, तरी झाडलेल्या पुंगळ्या चेंबरमधून निघत राहतात आणि दोष लपून राहतो. फक्त त्या कोणत्या दिशेने जातील, याचा नेम राहत नाही, कारण फिरण्यासाठी लागणारा टेकू सुटलेला असतो. एकच पिस्तूल पुंगळी कधी बाजूला तर कधी मागे टाकते, हे ढिल्या आकड्याचे लक्षण आहे. इजेक्टर चुकीच्या आकाराचा असता, तर चूक दरवेळी एकाच दिशेने झाली असती.

याची परीक्षा निर्जीव सराव-काडतुसांनी करावी. ती मॅगझिनमध्ये भरून स्लाइड हाताने जोरात मागे ओढावी. हाताने ओढताना वायूचा दाब मदतीला नसतो, त्यामुळे आकड्याची खरी ताकद दिसते. सराव-काडतूस चेंबरमध्येच राहिले किंवा निघून वाटेत गळून पडले, तर आकडा किंवा त्याची स्प्रिंग दोषी आहे. घरी ही परीक्षा जिवंत काडतुसांनी कधीही करू नये.

ताणून लांब केलेली स्प्रिंग दिसायला पूर्ववत होते, पण तिचा जोर टिकत नाही. काही दिवसांत ती पुन्हा आखडते. स्प्रिंग खरोखरच ढिली असेल, तर स्लाइड अतिवेगाने मागे जाते, पुंगळ्या नेहमीपेक्षा बऱ्याच दूर पडतात आणि प्रत्येक बाराला स्लाइड सांगाड्यावर आदळून त्याला चिरा पाडू शकते. त्या पिस्तुलासाठीच बनवलेली नवी स्प्रिंग आणून जुन्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी ताडून पाहावी. कडी कापून जोर जुळवण्याची पद्धत जुन्या मिस्त्रींमध्ये आहे, ती मला धोक्याची वाटते. तोपर्यंत रेंजवर जाड काचेचा किंवा पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावा. आज कपाळावर लागलेली गरम पुंगळी उद्या डोळ्यावर लागू शकते.

एक सूचना आपल्यासाठी नव्हे, तर आपल्या घरातील तरुणांसाठी. अडकलेली पुंगळी काढताना नळीच्या पुढून हात फिरवू नये. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे घेऊन पिस्तूल कलते करावे, पुंगळी पडते. पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसली असून मागून नवे काडतूस तिला टेकले असेल, तर स्लाइड मागे अडकवून मॅगझिन खेचून काढावे आणि मग स्लाइड दोन-तीनदा मागे ओढावी. पुढून सळई घालण्यापूर्वी मागून पाहून ती रिकामी पुंगळीच आहे, याची खात्री करावी लागते. तेथे जिवंत काडतूस अडकले असेल, तर सळई, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड यांतले काहीही वापरू नये आणि पिस्तूल तसेच निर्धोक दिशेला धरून रेंजवरील जबाबदार व्यक्तीला बोलवावे.

प्रश्न : निपाणीजवळ राहतो. पिस्तुलाचा आकडा तुटला आहे. आम्हांस बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते आणि तेथे ओळखीही आहेत. पिस्तूल गाडीत घालून तेथे दुरुस्तीस नेले, तर चालेल काय? की गावातील लेथ मशीनवर आकडा करून घ्यावा?

उत्तर : लेथ मशीनवाल्याकडे नेऊ नये, मग तो कितीही कुशल असो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्याकडे त्यासाठीचा परवाना असावा लागतो. तो नसताना काम करून घेतले, तर ते कारागिरालाही भोवते आणि मालकालाही. शिवाय आकडा हा कठीण करून लवचीक केलेल्या पोलादाचा असतो. साध्या लोखंडाचा घडवला, तर काही बारांत वाकतो आणि चुकीचा कठीण केला, तर मोडून त्याचा तुकडा चेंबरमध्ये शिरतो.

कोल्हापूरविषयी आपल्या परवान्यातील क्षेत्राचा रकाना वाचावा. सीमाभागात आपण बाजारासाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी कोगनोळीचा नाका रोज ओलांडतो आणि राज्य बदलल्याचे लक्षातही येत नाही. पण परवाना केवळ कर्नाटकापुरता असेल, तर तो नाका ओलांडताच पिस्तूल विनापरवाना ठरते. हुक्केरीकडून चंदगडला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. क्षेत्र वाढवून हवे असल्यास परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि मंजुरी परवान्यावर नोंदल्याशिवाय निघू नये. माझ्या मते तुटलेल्या आकड्यासाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा कर्नाटकातीलच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे जाणे सोपे पडेल. परवान्यातील नोंदी कन्नडमध्ये असतील आणि वाचता येत नसतील, तर जाणकाराकडून त्या शब्दशः समजून घ्याव्यात. अंदाजाने अर्थ लावू नये.

नेताना पिस्तूल रिकामे, मॅगझिन काढलेले आणि काडतुसे वेगळ्या पेटीत असावीत. मूळ परवाना सोबत ठेवावा आणि परवानाधारकाने स्वतःच जावे. मुलाच्या किंवा ड्रायव्हरच्या हाती पाठवू नये. दुरुस्तीसाठी ठेवून यायचे असेल, तर पिस्तुलाचा क्रमांक, दिनांक आणि ठेवण्याचे कारण लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. तुटलेल्या आकड्याचा तुकडा सापडला असेल, तर तोही न्यावा, कारण जुन्या परदेशी पिस्तुलांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि नमुना समोर असल्याशिवाय कारागिराला माप जुळवता येत नाही. आपल्याकडे बिघाडाच्या वेळच्या पुंगळ्या असल्यास त्यांतील चार-दोन त्याला दाखवाव्यात. काठ फाटलेला असेल, तर पुंगळी चेंबरमध्ये अडत होती आणि त्या ओढाताणीतच आकडा मोडला, असे तो ओळखेल आणि नवा आकडा बसवण्याआधी चेंबर तपासेल.

दुरुस्तीनंतरची चाचणी उसाच्या फडात किंवा मळ्यात करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात केलेल्या गोळीबाराला, ज्याने इतरांची सुरक्षितता धोक्यात येते, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच करावी. पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून झाडावे, पुंगळी कोठे पडली ते पाहावे, मग दोन भरावीत आणि दोन्ही पुंगळ्या एकाच बाजूला साधारण सारख्या अंतरावर पडल्या, तरच पूर्ण मॅगझिन भरावे.